प्रश्न आपल्या मातीतला, प्रस्तावही आपल्या हातचा

(गडचिरोली येथे पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात ‘संशोधन अनुदानाचे प्रस्ताव : लेखन आणि परीक्षण’ या विषयावर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आजचा विषय वरकरणी कोरडा वाटण्याचा संभव आहे. अनुदानाचा प्रस्ताव म्हटला की डोळ्यांसमोर येतात ते छापील नमुने, अंदाजपत्रकाचे तक्ते, सहीशिक्के आणि शेवटच्या तारखेची धावपळ. मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. प्रयोगशाळेतील यंत्रांविषयी आपल्याला काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु प्रश्न विचारणे हा माझ्या व्यवसायाचा गाभा आहे आणि प्रस्ताव म्हणजे नीट विचारलेला प्रश्नच असतो. त्या नात्याने चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

या वनांचलाविषयीचे प्रश्न आजवर कोणी विचारले? १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या वेळी आपला चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. प्रशासकांनी गॅझेटिअर लिहिली, पुढे मानववंशशास्त्रज्ञ आले, वनस्पतिशास्त्रज्ञ आले, अलीकडे सर्वेक्षण करणाऱ्या संस्था आल्या. त्यांच्यापैकी अनेकांचे परिश्रम आदरास पात्र आहेत. तरीही या साऱ्या काळात येथील माणूस बहुधा माहिती देणारा राहिला. त्याच्या घराची मोजणी झाली, रक्ताचे नमुने गेले, औषधी वनस्पतींची नावे नोंदली गेली; आणि प्रश्न काय असावा हे मात्र दूर कोठेतरी ठरले.

आता काळ बदलतो आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी नागपूरच्या विद्यापीठाकडे पाहण्याची गरज उरली नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ज्या बंदुकीने येथील दोन पिढ्यांचा आवाज दाबला, तिची सद्दी संपत आली आहे. सूरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन सुरू झाले आहे. रस्ते, कारखाने, गुंतवणूक यांची पावले पडत आहेत. अशा संक्रमणकाळात पाणी, जंगल, आरोग्य, बोली आणि रोजगार यांविषयीचे शेकडो प्रश्न उभे राहणार आहेत. ते आपण विचारले नाहीत, तर दुसरे कोणी तरी विचारील आणि उत्तरही त्याच्याच सोयीचे असेल. प्रस्तावलेखनाच्या शिक्षणाचे महत्त्व मला या संदर्भात वाटते.

जमशेटजींचा प्रस्ताव

आपल्या देशातील एका थोर प्रस्तावाची कथा आधी सांगतो. १८९३ मध्ये स्वामी विवेकानंद आणि जमशेटजी टाटा एकाच जहाजातून जपानहून अमेरिकेच्या किनाऱ्याकडे गेले. त्या सहप्रवासाची आठवण ठेवून २३ नोव्हेंबर १८९८ रोजी जमशेटजींनी स्वामीजींना पत्र लिहिले आणि भारतात विज्ञानसंशोधनाची संस्था उभारण्याच्या आपल्या योजनेला साहाय्य मागितले. त्याच वर्षाच्या अखेरीस योजनेचा आराखडा नियोजित व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ठेवण्यात आला.

पुढे काय झाले? आजच्या भाषेत सांगायचे तर परीक्षण झाले. विख्यात रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांना मत देण्यासाठी इंग्लंडहून बोलावण्यात आले. त्यानंतर मॅसन आणि क्लिबर्न यांच्या समितीने योजना पुन्हा तपासली. शंका निघाल्या, खर्चावर वाद झाले, वर्षे गेली. १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले. तरी प्रस्ताव मागे पडला नाही आणि १९०९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची स्थापना झाली. पहिल्या नकाराने किंवा पहिल्या शंकेने खचून जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही अकरा वर्षे लक्षात ठेवावीत. प्रश्न राष्ट्राच्या गरजेतून आलेला होता, म्हणून तो प्रस्तावकाच्या मृत्यूनंतरही जिवंत राहिला.

चार अनुबंध

प्रस्तावलेखनाचे शास्त्र पाश्चात्त्यांकडून आले असे आपण गृहीत धरतो. आजचा छापील नमुना तिकडून आला हे खरे. पण त्यामागील विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट करण्याची रीत होती. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथ कशाविषयी आहे, त्यातून काय साधणार, ग्रंथाचा विषयाशी संबंध कोणता आणि तो वाचण्यास पात्र कोण, हे कळल्याविना वाचकाने पुढे का जावे, असा त्यामागचा रोकडा विचार होता.

हेच चार प्रश्न प्रस्तावाला लावून पाहा. विषय : मी नेमके काय शोधणार? प्रयोजन : उत्तर मिळाले तर कोणाचे काय बदलेल? संबंध : मी योजलेली पद्धत या प्रश्नाचे उत्तर खरोखर देऊ शकते का? अधिकारी : शास्त्रग्रंथात हा शब्द वाचकासाठी होता, आपण तो संशोधकाकडे वळवू. हे काम करण्यास लागणारे ज्ञान, भाषा, साधने आणि लोकांचा विश्वास माझ्यापाशी आहे का?

अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था ही वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणारी जगातील सर्वांत मोठी संस्था समजली जाते. तिने २०२५ च्या जानेवारीपासून परीक्षणाचे निकष सुटसुटीत करून तीन गटांत बसविले. संशोधनाचे महत्त्व, पद्धतीचा काटेकोरपणा व व्यवहार्यता, आणि संशोधकाची पात्रता व साधने. आपल्या चार अनुबंधांशी ताडून पाहा, म्हणजे साम्य लक्षात येईल. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेचे १९७० च्या दशकातील प्रमुख जॉर्ज हाइलमायर यांनीही प्रत्येक प्रस्तावकाला विचारावयाची प्रश्नावली तयार केली होती. तिच्यातील पहिलीच अपेक्षा अशी की, आपण काय करू इच्छिता हे पारिभाषिक शब्दांचा आधार न घेता सांगा.

मी आपल्याला सुचवीन की प्रस्तावाचा सारांश आधी मराठीत लिहा. ज्यांची मायबोली गोंडी किंवा माडिया आहे त्यांनी तो घरी आईला, आजीला त्या बोलीत सांगून पाहावा. तेथे जो भाग सांगता येत नाही, तो आपल्यालाच पुरता उमगलेला नाही असे समजावे. इंग्रजी मसुदा त्यानंतर करावा. प्रस्ताव बहुधा इंग्रजीत द्यावे लागतात, ही वस्तुस्थिती आहे. पण विचार मातृभाषेत पक्का झाला की भाषांतर हे केवळ श्रमाचे काम उरते.

वाघ आणि तेंदूपत्ता

एक उदाहरण घेऊ. ‘चंद्रपूर जिल्ह्यातील मानव-वन्यजीव संघर्ष : एक अभ्यास’ असे शीर्षक विद्यार्थी हमखास देतात. यात विषय आहे, प्रश्न नाही. असा अभ्यास कधी पुरा झाला हे कसे ओळखणार?

२०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही परिसरात तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. मोहफुले वेचण्याचा आणि तेंदूपत्ता तोडण्याचा हंगाम हा वनांचलातील कुटुंबाच्या रोख उत्पन्नाचा काळ, आणि भल्या पहाटे वाकून काम करणाऱ्या माणसाला जंगलातील श्वापदाचा धोका अधिक. या वास्तवातून प्रश्न असा घडवता येईल : हंगामातील हल्ले दिवसाच्या कोणत्या वेळी, गावापासून किती अंतरावर आणि किती माणसांच्या गटावर झाले? ज्या गावांनी उजाडल्यानंतर, मोठ्या गटाने, राखणदार ठेवून जाण्याचे ठरविले, तेथील अनुभव इतर गावांपेक्षा वेगळा आहे का?

आता पद्धत आपोआप पुढे येते. वनविभागाच्या नुकसानभरपाईच्या नोंदी, घटनास्थळांचा नकाशा, गावकऱ्यांच्या मुलाखती, तुलनेसाठी निवडलेली गावे. अंदाजपत्रकही येते. प्रवासखर्च, नोंदी ठेवणाऱ्या गावातील तरुणांचे मानधन, ग्रामसभेत निष्कर्ष सांगण्याचा खर्च. हा शेवटचा खर्च बहुतेक प्रस्तावांत नसतो. आपल्या प्रस्तावात तो अवश्य असावा. अनुदान हा समाजाच्या घामाचा पैसा आहे. प्रत्येक रुपयापुढे त्याचे कारण लिहिता आले पाहिजे, आणि काम संपल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र देताना मान खाली जाता कामा नये. आणि ज्या घरातील बाई गेली, त्या घरी प्रश्नावली घेऊन केव्हा जावे, काय विचारू नये, हेही प्रस्तावातच लिहिले पाहिजे. नैतिकतेचा रकाना हा सहीपुरता नसतो.

गडचिरोलीने जगाला दिलेला धडा

प्रश्न मातीतला असेल तर त्याचे उत्तर कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच अर्थ तोवर धोरणकर्ते लावीत होते. या अभ्यासाने तो प्रश्नच बदलला.

दुसरे काम नवजात बालकांच्या मृत्यूचे. त्याची रचना आपण प्रस्ताव म्हणून वाचून पाहा. प्रश्न नेमका होता : जेथे रुग्णालय पोहोचत नाही, तेथे गावातीलच प्रशिक्षित स्त्री नवजात बाळाची घरी काळजी घेऊन मृत्यू कमी करू शकेल का? त्यासाठी ३९ गावांत उपाययोजना करण्यात आली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. पहिले वर्ष मुख्यतः निरीक्षणाचे होते; १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांच्या नोंदी झाल्या. आधी पाहा, मोजा, मग उपाय करा, हा संयम त्यात होता.

परीक्षकाने यावर कोणती शंका घेतली असती? थोडेसे शिकलेल्या गावातील बाईच्या हाती इंजेक्शन कसे द्यावे, ही पहिली. तिचे उत्तर रचनेतच होते. काटेकोर प्रशिक्षण, ठरावीक उपचारपद्धती, नोंदवही आणि नियमित देखरेख. परिणाम काय झाला? उपाययोजनेच्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण १९९३-९५ मध्ये दर हजार जन्मांमागे ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते सुमारे २५ वर आले. त्याच काळात तुलनेच्या गावांत ते ५८ च्या आसपास होते आणि ६० च्या आसपास राहिले. तुलनेची गावे नसती, तर मृत्यू काळाच्या ओघात आपोआप घटले असे कोणीही म्हणू शकला असता. ‘संबंध’ या अनुबंधाचा अर्थ येथे उमगतो. १९९९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. गडचिरोलीच्या खेड्यात विचारलेला प्रश्न देशाचे धोरण बनला.

परीक्षण : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. लिहायला सर्वजण शिकवतात, परीक्षण करायला फारसे कोणी शिकवीत नाही. माझे मत असे की परीक्षण आधी शिकवावे. दुसऱ्याच्या प्रस्तावातील पोकळ वाक्य जो ओळखू शकतो, त्याला आपले पोकळ वाक्य लिहिताना संकोच वाटू लागतो.

याही बाबतीत आपली शास्त्रार्थाची परंपरा मार्गदर्शक आहे. आपले आचार्य आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडीत, आणि तेही शक्य तितक्या समर्थ रूपात. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणे यात पुरुषार्थ मानला जात नसे. परीक्षकाने पहिली पायरी हीच ठेवावी. समोरच्याचा प्रस्ताव आपल्या शब्दांत चार वाक्यांत लिहावा आणि लेखकाला विचारावे, तुमचे म्हणणे हेच ना? तो होय म्हणाला, तरच पुढे शंका काढण्याचा अधिकार.

वर्गात हे सहज करता येईल. पाच-पाच विद्यार्थ्यांचे गट करावेत. प्रत्येकाने दोन पानांचा प्रस्ताव लिहावा आणि गटातील इतर चौघांनी तो वाचावा. प्रत्येक परीक्षकाने तीन गोष्टी लिहाव्यात : प्रस्तावाचे बलस्थान, सर्वांत गंभीर त्रुटी आणि ती दूर करण्याचा एक मार्ग. ‘चांगला आहे’, ‘सुधारणा हवी’ असे शेरे मानू नयेत. मित्राचा किंवा गाववाल्याचा प्रस्ताव असेल, तर तसे आधी सांगून परीक्षणातून बाजूला व्हावे. जात, गाव, संघटना, ओळख यांपैकी काहीही गुणांकनात येऊ देऊ नये. दुसऱ्याची कल्पना परीक्षणात वाचली म्हणून ती आपल्या नावावर खपवू नये. ती चोरीच होय. शेवटी लेखकाने प्रत्येक शंकेला लेखी उत्तर द्यावे आणि प्रस्ताव पुन्हा लिहावा. हे पुनर्लेखन म्हणजेच खरे शिक्षण.

आपल्या माणसाचा प्रस्ताव म्हणून तो उत्तीर्ण करणे हा स्वाभिमान नव्हे, हे मी येथे स्पष्टपणे सांगतो. प्राचीन भारतात अमुक होते एवढ्या विधानावर अनुदान मागणाऱ्यालाही आपण पुरावा विचारलाच पाहिजे. परंपरेचा खरा सन्मान तिच्या कसोटीला उतरण्यात आहे. हळदीच्या पेटंटचे प्रकरण आठवा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाला मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ते नुसत्या भावनेवर झाले नाही. जुने ग्रंथ आणि पूर्वी छापलेले शोधनिबंध पुरावा म्हणून ठेवता आले, म्हणून झाले. आपल्या वनांचलातील वैदूंचे ज्ञान बहुतांशी अलिखित आहे. ते लिहून ठेवणे हे आपले काम. मात्र ते त्यांच्या संमतीने, त्यांच्या नावाने आणि लाभात त्यांचा वाटा ठेवून. २००२ चा जैवविविधता कायदा हेच तत्त्व सांगतो.

ग्रामसभा हीही परीक्षक

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव आपल्याला नवे नाही. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क या गावाला मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा आणि दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून त्या गावात अभ्यासगटाची पद्धत रुजली. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यायचा, पण त्याआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. प्रस्ताव, परीक्षण, निर्णय ही साखळी वेगळी ती काय? पदवी नसलेली माणसे ज्या गांभीर्याने हे करतात, त्या गांभीर्याने आपण विद्यापीठात करावे, एवढीच अपेक्षा. आपल्या प्रस्तावाचे एक परीक्षण संबंधित गावाच्या ग्रामसभेकडून करून घ्यावे, असा आग्रह मी प्राध्यापकांना करीन.

संधी आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट त्यापुढे ठेवले गेले, आणि त्यातील मोठा वाटा खासगी व अन्य स्रोतांतून यावा अशी अपेक्षा आहे. अग्रगण्य संस्थांशी राज्य विद्यापीठांना जोडून संशोधनाला बळ देण्याची योजनाही प्रतिष्ठानाने आखली. समाजशास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. गोंडवाना विद्यापीठात राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र उभे राहिले आहे. परंतु पैसा वाहत्या पाण्यासारखा असतो. जेथे पाट खोदलेला असेल तिकडे तो जातो. मोठ्या शहरांतील संस्थांकडे प्रस्ताव लिहिण्याचा सराव आहे, त्यांचे पाट तयार आहेत. आपला पाट आपल्यालाच खोदायचा आहे.

म्हणून प्रत्येक विभागाने दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांकडून निदान एकेक प्रस्ताव लिहून घ्यावा, त्याचे वर्गात परीक्षण करावे, नाकारले गेलेले प्रस्ताव परीक्षकांच्या शेऱ्यांसह जपून ठेवावेत आणि पुढच्या तुकडीला वाचायला द्यावेत. सिकलसेल, मलेरिया, मोहफुलांचा बाजार, मामा तलाव, माडिया बोलीचा शब्दकोश, वैनगंगेचे पाणी. विषयांची वाण या मातीत नाही. हवे आहेत ते नेमके प्रश्न विचारणारे आणि उत्तराशी प्रामाणिक राहणारे तरुण. ते आपल्यातून घडावेत, अशी शुभेच्छा व्यक्त करतो आणि थांबतो.

वंदे मातरम्!